पाऊस बदलला, आता शेताचं काय करायचं? बेळगाव सीमाभागातल्या लहान शेतकऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोहिणी लागली की हे प्रश्न सुरू होतात आणि सुगी संपेपर्यंत थांबत नाहीत. रयत संपर्क केंद्राच्या (कर्नाटकाच्या कृषी खात्याच्या स्थानिक केंद्राच्या) रांगेत, मार्केट यार्डात रताळ्याच्या सौद्याची वाट बघताना, लग्नाच्या पंगतीतसुद्धा. मी स्वतः पावणेतीन एकरांचा धनी. खाली जिथं आकडे आहेत ते अभ्यासातले आणि जिथं मत आहे ते माझं. खानापूरची तांबडी माती आणि अथणीची काळी माती एकाच जिल्ह्यात असली तरी एकाच उत्तराला बधत नाहीत, म्हणून कुठलं उत्तर कुणासाठी आहे ते त्या त्या ठिकाणी सांगितलंय.

हवामान खरंच बदललंय, की म्हाताऱ्यांचं दर वर्षीचं गाऱ्हाणं आहे हे?

गाऱ्हाणं जुनंच आहे. आमचे आजोबाही ‘पूर्वीचा पाऊस राहिला नाही’ म्हणायचे. पण आता मोजमाप त्यांच्या बाजूनं आहे. १९०१ ते २०१८ या काळात भारताचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सिअसनं वाढलं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिलं, की मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या भूभागावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीनं वाढल्या, आणि त्याच काळात मोसमी पावसाची एकूण बेरीज मात्र घटली.

आपल्याकडं हे समजायला अभ्यासाची गरज नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा तिन्ही एकदम फुगल्या. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर. आणि २०२३ मध्ये कर्नाटकातल्या २३६ पैकी २२३ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. चार वर्षांत दोनदा बुडालो आणि एकदा वाळलो. वर्षाअखेरीस मिलीमीटरची बेरीज जुळते, तरणा-म्हाताऱ्याची (पुनर्वसू-पुष्य नक्षत्रांच्या पावसाची) वेळ जुळत नाही, आणि पीक बेरजेवर नाही, वेळेवर येतं.

‘अनुकूलन’ आणि ‘शमन’ हे शब्द सारखे कानावर येतात. म्हणजे काय?

पाणी तुंबणाऱ्या शेतात चर काढणं हे अनुकूलन. उसाचं पाचट न जाळणं हे शमन. पहिल्यानं आपण वाचतो, दुसऱ्यानं हवेत जाणारा वायू कमी होतो. काही कामांत दोन्ही साधतं, तीच आधी धरावीत.

धूर काढणारे दुसरेच. दोन एकरवाल्यानं का म्हणून सोसायचं?

रास्त प्रश्न आहे, आणि सभेत विचारला की साहेब लोक विषय बदलतात. देशाच्या एकूण हरितगृह वायूंत शेतीचा वाटा साधारण १४ टक्के. त्यातला निम्म्याहून जास्त जनावरांच्या रवंथातून येतो, मग खत घातलेली जमीन आणि भातशेती. दुसरीकडं २०१५-१६ च्या कृषी गणनेप्रमाणे देशातली ८६ टक्के वहिवाट खाती दोन हेक्टरच्या आतली, आणि सरासरी क्षेत्र १.०८ हेक्टर. एवढ्याशा तुकड्यावर जगाचं ओझं टाकणं बरोबर नाही.

माझं सरळ मत: लहान शेतकऱ्यानं आधी आपलं पीक वाचवावं. वायू कमी करायचं काम तेवढंच करावं, ज्यात खर्चही कमी होतो. सुदैवानं अशी कामं बरीच आहेत. गोठ्यातल्या दोन म्हशींच्या रवंथाबद्दल मात्र कुणी तुम्हाला टोचून बोललं तर त्याला चहा पाजा आणि विचारा, दूध कुठलं आहे.

मृगाचा पाऊस लागला. पेरायचं की थांबायचं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यात जास्त पैसे यातच बुडतात. दोन दिवस पाऊस पडतो, वास सुटतो, शेजारी कुरी जुंपतो आणि आपल्याला घरात बसवत नाही. पुढं पंधरा दिवस उघडीप. मग दुबार पेरणी.

सोयाबीनसाठी ७५ ते १०० मिलीमीटर पाऊस होऊन ओल चांगली खोल गेल्याशिवाय पेरू नये, हा कृषी विद्यापीठांचा जुना सल्ला आजही सोन्यासारखा आहे. खुरप्यानं वीतभर उकरून बघा. वरची माती चिखल आणि खाली धूळ असेल तर थांबा. भाताच्या धूळवाफ पेरणीचं गणित उलटं: ती पावसाआधीच, कोरड्या मातीत करायची असते, बी पावसाची वाट बघत पडून राहतं. खानापूर आणि बेळगावच्या पश्चिम भागात ती पिढ्यान् पिढ्या चालत आलीय. तिथं धोका अर्ध्या ओलीचा. वळवाच्या एका सरीनं बी फुगून मोड आला आणि मग ऊन पडलं, की गेलं. म्हणून वळीव झालेल्या आठवड्यात घाई नको.

मी गेली काही वर्षं सगळं रान एका दिवसात पेरत नाही. निम्मं आधी, निम्मं आठ-दहा दिवसांनी. मजुरीचा थोडा घोटाळा होतो, पण दोन्ही एकदम फसत नाही.

अंदाज कुठं बघायचा? हवामान खात्याचा जिल्हावार कृषी सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो, तो ‘मेघदूत’ ॲपवर दिसतो. विजांसाठी ‘दामिनी’ आहे, ते तर प्रत्येक गुराख्याच्या फोनमध्ये असावं. शिवाय कर्नाटकाच्या राज्य नैसर्गिक आपत्ती निरीक्षण केंद्राची पर्जन्यमापकं ग्रामपंचायत पातळीपर्यंत आहेत आणि त्यांची ‘वरुण मित्र’ ही फोनसेवा आहे. भाषेची अडचण येते, मान्य. आमच्या घरी सातवीतली पुतणी कन्नड सल्ला मोठ्यानं वाचते आणि आम्ही मराठीत भांडतो.

भाताच्या वाफ्यात पाणी उभं नसलं तर भात कसला?

भात पाण्यात टिकतो, पण त्याला सदोदित पाणी लागतंच असं नाही. आपण पाणी बांधतो ते मुख्यतः तण दाबायला. पाणी उभं राहिलं की चिखलात हवा शिरत नाही, तिथले जिवाणू कुजणाऱ्या धसकटापासून मिथेन तयार करतात आणि तो भाताच्या पोकळ काडीतून वर निघून जातो. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवतो.

यावर फिलिपीन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनं रुजवलेली ओली-सुकी पद्धत आहे. फूटभर लांबीचा प्लॅस्टिकचा पाइप घ्या, चार ते सहा इंच रुंद. खालच्या अर्ध्या भागाला भोकं पाडा, तेवढा भाग चिखलात रोवा आणि आतली माती काढून टाका. त्यात डोकावलं की जमिनीखाली पाणी कुठवर आहे ते दिसतं. पाणी मातीच्या १५ सेंटीमीटर खाली गेलं की पुन्हा दोन बोटं पाणी द्यायचं. रोप लावल्यावर पहिले दोन आठवडे आणि फुलोऱ्याच्या वेळी मात्र सुकवायचं नाही. पाण्यात तिसऱ्या हिश्श्यापर्यंत बचत होते, मिथेन जवळपास निम्म्यावर येतो, उत्पन्नाला सहसा धक्का लागत नाही.

पण कुणी सभेत येऊन घाटमाथ्याकडच्या कणकुंबी-जांबोटीच्या शेतकऱ्याला हे जुलैत करायला सांगत असेल तर त्याला एकदा तिथं छत्री घेऊन उभं करावं. आभाळ फाटलेलं असताना वाफा सुकवणार कसा? ही पद्धत बोअरच्या किंवा नदीच्या पाण्यावर उन्हाळी भात घेणाऱ्यांसाठी, आणि पावसाळ्यात लांब उघडीप पडली तर. धूळवाफ पेरणारे तर आधीच पुढं आहेत: चिखलणी नाही, सुरुवातीचे काही आठवडे पाणी उभं नाही, म्हणजे नट्टी (रोपं) लावलेल्या भातापेक्षा मिथेनही कमी. आजोबांना हे ठाऊक नव्हतं, ते फक्त मजूर वाचवत होते.

नाल्याचं पाणी दर वर्षी शिवारात घुसतं. बुडाला तरी टिकणारा भात आहे का?

शहापूर, वडगाव, येळ्ळूर भागात बळ्ळारी नाल्याच्या काठच्या लोकांचा हा कायमचा प्रश्न. असं बियाणं आहे. ओडिशातल्या एका जुन्या वाणात बुडीत सोसायचा गुण सापडला, तो प्रचलित ‘स्वर्णा’ जातीत आणून ‘स्वर्णा सब-१’ तयार झाली आणि २००९ मध्ये भारतात प्रसारित झाली. साधं रोप बुडालं की धडपडून उंच वाढतं, त्यात सगळा जीव खर्च करतं आणि पाणी ओसरल्यावर लोळतं. हे रोप वाढ थांबवून गप्प बसतं. साधारण दोन आठवडे बुडून राहिलं तरी पुन्हा फुटतं.

अडचणी दोन. जात लांब मुदतीची आहे. आणि ज्यानं बासमती, इंद्रायणीचा दर पाहिलाय तो स्वर्णाकडं वळायला राजी नसतो. म्हणून सगळ्या रानात नको, सखल तुकड्यात करून बघा. नाल्यातला गाळ आणि जलपर्णी काढायचं काम मात्र कुठलंच बियाणं करत नाही.

याच शिवारात भातानंतर नुसत्या ओलीवर येणारा मसूर, वाटाणा, हरभरा सोडू नका. पाणी द्यावं लागत नाही, मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत आणतात. हवामान बदलाच्या पुस्तकात जे ‘फेरपालट’ म्हणून शिकवतात ते इथं आधीपासून आहे. परतीचा पाऊस लांबून भात उशिरा निघाला की मसुराची वेळ हुकते, म्हणून पावसाळी भाताची जात निवडताना मसुराचा विचार आधी करा.

खोडव्यातलं पाचट जाळलं तर एवढं काय बिघडतं? काडी लावली की मोकळं.

चिकोडी, रायबाग, अथणी, कागवाड, निपाणी, सगळीकडचा प्रश्न. एकरात तीन ते चार टन पाचट निघतं. त्यात साधारण अर्धा टक्का नत्र असतो, म्हणजे पंधरा-वीस किलो. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात नत्र किती? सुमारे २०.७ किलो. तर तुम्ही काडी लावता तेव्हा जवळजवळ एक पोतं युरिया पेटवता. वर जमिनीतले जिवाणू जळतात, बुडख्याचे डोळे भाजतात, बांधावरचं नारळाचं झाड करपतं ते वेगळंच.

तोच पाला सरीत पसरला तर उन्हाळ्यात ओल धरून ठेवतो. दोन पाण्यांमधलं अंतर वाढतं, तण दबतं. बुडखे मोकळे ठेवायचे, पाल्यावर थोडा युरिया आणि सुपर फॉस्फेट टाकायचं, कुजवणारं जिवाणू संवर्धन शेणकाल्यातून शिंपडायचं आणि पाणी सोडायचं. ट्रॅक्टरवर चालणारं कुट्टी यंत्र मिळालं तर काम सोपं होतं.

लोक का जाळतात तेही खरं सांगायला हवं. पाल्यात साप-उंदीर राहतात याची भीती असते. पाणी सरीत पुढं सरकत नाही. आणि तोडणीची टोळी कधी कधी उभ्या फडालाच आग लावा म्हणते, कारण तोडायला सोपं जातं. मी पहिल्या वर्षी एकाआड एक सरीत पाला ठेवला आणि दुसरी पाण्यासाठी मोकळी ठेवली. शेजाऱ्यानं वर्षभर चेष्टा केली. पुढच्या उन्हाळ्यात बोअर कमी पडली तेव्हा तो न बोलता बांधावर येऊन पाला उचलून बघत होता.

युरिया कमी टाकला तर उत्पन्न पडेल ना?

गरजेपेक्षा कमी टाकला तर पडेल. गरजेपेक्षा जास्त टाकतो तो मात्र पिकात जात नाही, पाण्यात आणि हवेत जातो. टाकलेल्या नत्राचा साधारण एक टक्का नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो असं हिशेबाला धरतात, आणि हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवणारा. गणित केलं तर एका पोत्यामागं जवळपास ९० किलो कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम, म्हणजे पोत्याच्या वजनाच्या दुप्पट. कारखान्यात युरिया बनवतानाचा धूर वेगळा.

पोतं २६६ रुपये ५० पैशांना मिळतं म्हणून हात सैल सुटतो. माती तपासून घ्या, एकदम न टाकता हप्त्यांत टाका, आणि मोठ्या पावसाच्या आदल्या दिवशी टाकू नका. शेवटची गोष्ट फुकट आहे आणि तीच कुणी करत नाही.

कृष्णा-दूधगंगा-वेदगंगेकाठी आमचं रान. पुराला अलमट्टी जबाबदार की कोयना?

चहाच्या गाड्यावर यावर रात्र सरते. वरच्या बाजूला सांगली-कोल्हापूरवाले अलमट्टीच्या फुगवट्याकडं बोट दाखवतात, खाली आपण कोयनेच्या विसर्गाकडं. अलमट्टी धरणाची पाणीपातळी ५१९.६ वरून ५२४.२५६ मीटर करायला कृष्णा पाणी तंटा लवादानं २०१० मध्ये परवानगी दिली, तेव्हापासून वाद जास्तच तापलाय. तो वाद तुमच्या-माझ्या बांधावर सुटणार नाही.

बांधावर सुटणारं सांगतो. घाटमाथ्यावर पाऊस कोसळू लागला आणि कोयनेतून पाणी सोडल्याची बातमी आली की आपल्याकडं पाणी चढायला थोडा अवधी असतो. त्या अवधीत नदीवरची मोटर आणि स्टार्टर बाहेर काढा, मोटारीवाचून ओसरल्यानंतरचा महिना जास्त वाईट जातो. नदीच्या अगदी कडेचा पट्टा उसाला देत असाल तर लागण अशी धरा, की पुराच्या महिन्यात ऊस उंच असेल. शेंडा पाण्यावर राहिला तर ऊस बराच सोसतो, शेंडा बुडून पोंग्यात गाळ बसला की कुजतो.

अथणीकडं पाऊसच नाही. शेततळ्यानं भागतं का?

भागत नाही, तगतं. दहा मीटर लांब, दहा रुंद, तीन खोल असं तळं म्हणजे तीन लाख लिटर, असं सांगतात. पण बाजू उभ्या ठेवता येत नाहीत. बाजूंना उतार दिला की प्रत्यक्षात दीड लाखाच्या आसपासच मावतं. एक एकराला चार सेंटीमीटरचं एक पाणी द्यायला साधारण एक लाख साठ हजार लिटर लागतं. म्हणजे एका तळ्यात एका एकराचं एक पाणी, बाष्पीभवन सोडून. ज्वारी पोटरीत असताना किंवा तूर फुलात असताना ते एक पाणी मिळालं तर पीक हाताला लागतं. त्या पाण्यावर ऊस लावायची स्वप्नं बघू नका. २०१४-१५ मध्ये सुरू झालेली ‘कृषी भाग्य’ योजना याच कामाची, सध्याचे निकष आपल्या होबळीच्या (तालुक्याखालच्या गावगटाच्या) रयत संपर्क केंद्रात विचारा.

कालव्याखालची जमीन पांढरी पडू लागलीय.

पाणी जास्त झालं, निचरा नाही, क्षार वर आले. आधी पाणी कमी करा, मग चर काढा, शक्य असेल तर शेजाऱ्यांना धरून जमिनीखाली निचऱ्याचे पाइप टाका. एकट्याच्या शेतातला निचरा शेजारच्या शेतात उतरतो आणि मग भांडण होतं.

पीक विमा काढूनही पैसे आले नाहीत. नेमकं काय चुकतं?

खरिपात शेतकऱ्याचा हप्ता विमा रकमेच्या २ टक्के, रब्बीत दीड, नगदी आणि बागायती पिकांना ५ टक्के. कर्नाटकात ‘संरक्षणे’ या पोर्टलवरून नोंद होते. घोटाळे तीन ठिकाणी होतात.

पहिला, बहुतेक वेळा भरपाई तुमच्या शेतावरून नाही, ग्रामपंचायतीच्या किंवा होबळीच्या सरासरी उत्पन्नावरून ठरते. शेजारच्या गल्लीचं पीक बरं आलं तर तुमचं गेलं तरी मिळत नाही. दुसरा, विमा एका पिकाचा आणि पीक पाहणीत नोंद दुसऱ्याच पिकाची. आमच्या गावात एकाचा दावा याच कारणानं अडकला, पाहणीला आलेल्या पोरानं बांधावरून फोटो काढला तो शेजारच्या मक्याचा. आता शेतकरी स्वतः ॲपवर पीक नोंदवू शकतो. नोंदवाच. तिसरा, गारपीट किंवा ढगफुटीसारखं नुकसान ७२ तासांत कळवावं लागतं. पूर ओसरायची वाट बघत बसलं की मुदत गेली.

भातवाल्यांसाठी वेगळी गोष्ट. पाणी साचून झालेल्या स्थानिक नुकसानीतून भात २०१८ मध्ये वगळला होता. तो खरीप २०२६ पासून पुन्हा घ्यायचं केंद्रानं नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं, आणि त्याबरोबर वन्य प्राण्यांनी केलेलं नुकसानही. गवे, रानडुकरं आणि अधूनमधून येणारे हत्ती यांच्यापुढं हात टेकलेल्या खानापूरवाल्यांनी अर्ज करताना हे आपल्या भागात लागू केलंय का ते आवर्जून विचारावं.

विम्याशिवाय सरकारी मदत असते ती वेगळी. २०२२ ते २०२६ च्या केंद्रीय निकषांप्रमाणे ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसानीला हेक्टरी जिरायतीला ८,५००, बागायतीला १७,०००, बहुवार्षिक पिकांना २२,५०० रुपये, तेही दोन हेक्टरपर्यंत. बियाणाचाच खर्च बघता हे किती पुरतं ते तुम्हीच ठरवा.

मोबाइलवर महाराष्ट्राच्या योजनांचे व्हिडिओ येतात. आम्हाला मिळतील का?

जमीन कर्नाटकात असेल तर नाही. व्हिडिओ मराठीत म्हणून योजना आपली होत नाही, हे कितीजणांना समजावून सांगितलं असेल! उतारा ज्या राज्याचा, योजना त्या राज्याची. चंदगडला मामाकडची जमीन नावावर असेल तर त्या जमिनीसाठी तिकडं अर्ज करा. इकडं आधी ‘फ्रूट्स’ (कर्नाटकाची शेतकरी नोंदणी) क्रमांक काढून घ्या, त्याशिवाय बियाण्यापासून ठिबकपर्यंत कशाचीच सबसिडी हलत नाही. उताऱ्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव कन्नडमध्ये वेगवेगळं लिहिलेलं असेल तर ते आधी दुरुस्त करा. पाटील की पाटिल एवढ्यावरून फायली परत आलेल्या पाहिल्यात.

कार्बन क्रेडिटवाले आलेत. सही करू का?

आधी हिशेब करा. एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइडइतका वायू वाचवणं. सतत पाणी उभ्या असलेल्या भातात ओली-सुकी पद्धत केली तर दक्षिण आशियासाठी धरल्या जाणाऱ्या आकड्यांवरून एकरी हंगामाला साधारण अर्धा टन वाचतो. म्हणजे दोन एकराला एक क्रेडिट. त्यातून मोजणी, तपासणी आणि मधल्या माणसाचा वाटा गेल्यावर काय उरेल? झाडं लावून मिळणाऱ्या क्रेडिटला वर्षानुवर्षं थांबावं लागतं आणि तेवढी वर्षं झाड तोडता येत नाही. करार किती वर्षांचा, मध्येच जमीन विकली तर काय, पैसे कधी आणि कुणाच्या खात्यावर, हे मराठीत लिहून मागा. लिहून देत नसेल तर सही नको.

नाचणी, काजू यात काही अर्थ आहे का?

खानापूरच्या डोंगरउताराला आहे. नाचणी कमी खतावर येते, पाऊस मध्येच थांबला तरी धीर धरते. काजूचं उलटं आहे, मोहोराच्या वेळी ढगाळ हवा आणि अवकाळी पाऊस आला की वर्ष गेलं. एकट्या काजूवर घर चालवू नका.

घरीच पाऊस मोजता येतो का?

येतो, आणि प्रत्येकानं मोजावा, कारण होबळीच्या मापकावर पडलेला पाऊस आपल्या शेतावर पडलेलाच असतो असं नाही. सरळ बाजूंचा, सपाट बुडाचा डबा घ्या. बाटली कापून करत असाल तर बुडाच्या खोलगट भागात खडे आणि पाणी भरून शून्याची रेघ आखा, वरचा कापलेला भाग उलटा करून तोंडावर बसवा. झाडापासून आणि पागोळीपासून लांब, उघड्यावर ठेवा. रोज सकाळी साडेआठला पट्टीनं मोजा, मिलीमीटरमध्ये लिहा आणि पाणी ओतून टाका (बाटलीत पुन्हा शून्यापर्यंत पाणी भरा). पडलाच नसेल तर शून्य लिहा. कोरा रकाना ठेवलात तर पुढच्या वर्षी आठवत नाही, की पाऊस नव्हता का आपण पाहुण्यांकडं गेलो होतो.